डूलॅली: देवळालीचं नाव इंग्रजांच्या तोंडी वेडेपणासाठी कसं गेलं?

भगूरकर

इंग्लंडात एखादा माणूस विचित्र वागायला लागला, भान सुटल्यासारखं बोलायला लागला की लोक म्हणतात, तो 'डूलॅली' झाला. आजही म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नसतं की हे आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं नाव आहे. (राहुरी तालुक्यातली देवळाली प्रवरा वेगळी. मी म्हणतोय ती मुंबईहून येताना नाशिकरोडच्या आधी लागणारी, कॅम्पाची देवळाली.) माझं गाव भगूर. देवळाली आमच्या उंबऱ्यालगतची, त्यामुळे या शब्दाबद्दल छापून येणारं मी बारकाईने वाचत आलोय. त्यातला बराचसा मजकूर ऐकीव असतो, म्हणून हा धागा.

आधी पक्की माहिती. इंग्रजांनी देवळालीला लष्करी तळ वसवला तो १८६० च्या दशकात. मुंबई बंदर जवळ, आणि १८६५ साली रेल्वेने थळ घाट पार केल्यावर गोऱ्या पलटणी थेट बंदरावरून वर आणणं सोपं झालं. विलायतेहून आलेला शिपाई मुंबईत उतरायचा, देवळालीला यायचा, इथल्या हवेला जरा सरावायचा आणि मग आपापल्या छावणीकडे रवाना व्हायचा. परतीची वाटही हीच. नोकरीची मुदत संपली की पेशावर असो, मद्रास असो, लखनौ असो, तिथून त्याला देवळालीला पाठवायचे आणि तो जहाजाची वाट बघत बसायचा.

खरी गोम इथे आहे. फौजेची ने-आण करणारी जहाजं बारा महिने चालत नव्हती. उन्हाळ्यात तांबड्या समुद्रात जहाजाच्या पोटात कोंबलेली माणसं उकाड्याने मरायची, वर पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला. म्हणून ही वाहतूक साधारण थंडीच्या महिन्यांतच व्हायची. १८६६-६७ मध्ये खास याच कामासाठी पाच मोठी जहाजं बांधली होती: क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार, सेरापिस. आता समजा, एखाद्याची मुदत वसंतात संपली आणि हंगामातलं शेवटचं जहाज सुटून गेलेलं. मग उन्हाळा आणि अख्खा पावसाळा काढायचा देवळालीत!

याबद्दल सगळ्यात महत्त्वाची साक्ष आहे फ्रँक रिचर्ड्स या शिपायाची. हा वेल्समधल्या कोळशाच्या खाणीत काम केलेला माणूस, १९०१ मध्ये रॉयल वेल्श फ्युझिलियर्समध्ये भरती झाला आणि हिंदुस्थान-ब्रह्मदेशात नोकरी करून गेला. पुढे पहिलं महायुद्ध सुरुवातीपासून शेवटपर्यंत लढला, शौर्यपदकं मिळवली, पण अखेरपर्यंत साधा शिपाईच राहिला. हिंदुस्थानातल्या दिवसांच्या आठवणी त्याने १९३६ साली छापल्या. त्यात तो सांगतो की मुदत संपलेल्या शिपायांकडे देवळालीत ना बंदूक असायची, ना नेमकं काम. अधूनमधून सामान मांडून दाखवायचं, कधीतरी लांब कूच करून यायचं, बस. एरवी वेळ खायला उठायचा. वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर एक ठपका नव्हता, अशी माणसं इथे येऊन काहीतरी करून बसायची आणि घरी जाण्याऐवजी तुरुंगात जायची. कुणाला बायकांच्या नादाने रोग जडायचा आणि तो इस्पितळात अडकायचा. 'डूलॅली टॅप' हा शिपायांचा शब्द या कंटाळ्यातूनच आला असावा, असं रिचर्ड्सचं मत.

या शब्दातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. देवळालीचा ताप, म्हणजे देवळालीत जडणारा डोक्याचा विकार. १९२५ साली लंडनहून निघालेल्या सैनिक-खलाशांच्या शब्दांच्या कोशात हा शब्द 'जुन्या फौजेतला' अशी नोंद करून दिलाय. म्हणजे तेव्हाच तो जुना गणला जात होता.

माझं म्हणणं एवढंच आहे: हा शब्द उन्हाने दिला नाही, वेड्यांच्या इस्पितळाने दिला नाही. रिकामपणी ताटकळण्याने दिला. इंटरनेटवर मात्र पहिल्या दोनच गोष्टी फिरत असतात.

पुस्तकवाडी

छान धागा. पण इस्पितळाची गोष्ट इतक्या सहज बाजूला सारता येईल का? मी तर कायम हेच वाचलंय की देवळालीला गोऱ्या सैनिकांसाठी वेड्यांचं इस्पितळ होतं, तिथे पाठवलेला माणूस तो 'डूलॅली'. सोपं आणि पटण्यासारखं आहे.

भगूरकर

@पुस्तकवाडी, पटण्यासारखं आहे म्हणूनच ते टिकलंय. जरा आपल्याकडची बोलण्याची तऱ्हा बघा. कुणी फार विक्षिप्त वागलं की आपण म्हणतो, 'याला ठाण्याला पाठवा', पुण्याकडे 'येरवड्याला पाठवा', हिंदीवाले 'आग्र्याला' नाहीतर 'रांचीला'. या सगळ्या गावांत मनोरुग्णालयं आहेत. ठाण्याचं १९०१ पासूनचं. रांचीला तर १९१८ मध्ये खास युरोपियनांसाठी उघडलं होतं. खुद्द इंग्रजीत 'बेडलम' हा गोंधळासाठीचा शब्द लंडनच्या बेथलेम इस्पितळावरून आला. त्यामुळे गावाचं नाव आणि वेड यांची जोडी दिसली की माणूस आपोआप मधे इस्पितळ घालतो. देवळालीच्या बाबतीत तसंच झालंय असं मला वाटतं.

तळावर लष्करी इस्पितळ होतं, त्यात शंका नाही. आजारी म्हणून परत धाडलेले शिपाईही जहाजासाठी मुंबईकडेच आणले जायचे, त्यात मनाने खचलेलेही असणारच. पण मनोरुग्ण सैनिकांसाठीची खास जागा इंग्लंडात होती, साउदॅम्प्टनजवळ नेटलीला. तिथल्या भल्यामोठ्या लष्करी इस्पितळाचा 'डी ब्लॉक' १८७० मध्ये याचसाठी उघडला. हिंदुस्थानातून गेलेले असे सैनिक तिथे दाखल व्हायचे. इस्पितळावरूनच शब्द यायचा असता तर फौजेत 'नेटलीचा ताप' म्हटलं गेलं असतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रिचर्ड्स स्वतः तिथे राहिलेला शिपाई. तो इस्पितळ म्हणत नाही, कंटाळा म्हणतो. तीन पिढ्यांनंतर लिहिणाऱ्यापेक्षा मी त्याचं ऐकेन.

चिकूची_वाडी

माझं बालपण देवळाली कॅम्पातलं, म्हणून उन्हाच्या मुद्द्यावर लिहिते.

'उन्हाने डोकं फिरलं म्हणून डूलॅली' हे वाचलं की फार राग येतो. देवळाली हे हवा खायला यायचं ठिकाण आहे हो! मुंबईचे पारशी आणि गुजराती लोक पिढ्यानपिढ्या तब्येत सुधारायला इथे येत आले. लॅम रोडच्या अंगाने जुने बंगले आहेत, सॅनेटोरियम आहेत, पारश्यांची अग्यारी आहे. छातीच्या दुखण्याच्या माणसाला डॉक्टर सांगायचे, जा, देवळालीला महिनाभर राहून या. एप्रिल-मे मध्ये दुपारी ऊन लागतं, नाही असं नाही, पण रात्री गार वारा सुटतो. मुलतानला किंवा झाशीला उन्हाळे काढून आलेल्या शिपायाला देवळालीचं ऊन काय वेड लावणार?

उलट मला नेहमी वाटतं, हवा चांगली होती म्हणूनच तर तळ इथे आला. नव्या शिपायाला रुळायला बरी, आजाऱ्याला बरी. चांगल्या हवेच्या गावाच्या नशिबी हा शब्द यावा, याचं वाईट वाटतं.

कॅम्पातल्या जुन्या बराकी ज्यांनी पाहिल्यात त्यांच्या लक्षात येईल: उंच छप्पर, कौलं, चारी बाजूंनी रुंद व्हरांडा, आणि एकाच मापाच्या एकामागे एक रांगा. लहानपणी मला त्या फार आवडायच्या. भगूरकरांचं वाचल्यावर मनात आलं, काम नसलेल्या माणसाने त्या व्हरांड्यात दिवसभर काय केलं असेल? समोर बघायला दुसरी तशीच बराक.

सुभेदार_निवृत्त

नमस्कार. मी तोफखान्यातला. देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत कोर्स केलेत, त्यामुळे गाव चांगलं माहीत. पण मला लिहायचंय ते ट्रान्झिट कॅम्पाबद्दल.

ज्यांनी फौज पाहिली नाही त्यांना वाटेल, काम नाही म्हणजे मजा. तसं नसतं. लेहला जायचं म्हणून चंदीगडच्या ट्रान्झिट कॅम्पात आलो की विमानाची वाट बघायची. वर हवामान खराब झालं की उड्डाण रद्द. पहाटे उठायचं, सामान बांधायचं, गिनती द्यायची, गाडीत बसायचं, विमानतळावर जायचं आणि परत यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. युनिटमध्ये माणसाला आपली जागा असते, आपला खाट, आपले दोस्त, आपला उस्ताद, रोजची पीटी, रोजची गन. ट्रान्झिटमध्ये यातलं काही नाही. शेजारच्या खाटेवर आज एक, उद्या दुसरा. कुणी तुम्हाला ओळखत नाही, त्यामुळे कुणी रोखणाराही नसतो. भांडणं तिथेच होतात, पत्त्यांवर पैसे तिथेच जातात.

आणि ही आमची गोष्ट काही दिवसांची. सुट्टीवरून परतणाऱ्याचीही अशीच. त्या गोऱ्या शिपायांना महिनोन् महिने, ते सुद्धा नोकरी संपल्यावर! ज्याची नोकरी संपली त्याला कशाची भीती? बढतीची आशा नाही, कमांडिंग ऑफिसर हजार मैल मागे राहिला. रिचर्ड्सने लिहिलंय की चांगली माणसं तिथे बिघडायची, ते मला शब्दशः पटतं. शिस्त ही कामावर टिकते. काम काढून घेतलं की चांगल्या जवानाचंही चित्त थाऱ्यावर राहत नाही.

टेम्सकाठची

मी इंग्लंडात नर्सिंग होममध्ये नोकरी करते. हा शब्द इथे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी रोज येतो. चष्मा फ्रिजमध्ये ठेवला की आजी स्वतःच म्हणतात, 'आय एम गोइंग डूलॅली'. त्यात तिरस्कार नसतो, आपल्याकडे 'माझं मेलं डोकंच ठिकाणावर नाही' म्हणतात तसा सूर असतो. पण रुग्णाबद्दल कर्मचाऱ्यांनी तो वापरलेला चालत नाही, आणि ते योग्यच आहे.

एक गोष्ट नक्की सांगते, 'टॅप' आता कुणीच म्हणत नाही. फौजेत शब्द जोडीने होता, बाहेर आला तेव्हा शेपूट गळून पडलं. तरुणांना तर हा लहान मुलांच्या बडबडगाण्यातला शब्द वाटतो, त्या ल-ल मुळे. ज्यांना मूळ ठाऊक आहे त्यांना ते बहुतेक टीव्हीमुळे ठाऊक झालं. बीबीसीवर १९७४ पासून एक मालिका चालायची, दुसऱ्या महायुद्धातल्या तोफखान्याच्या नाटकमंडळीची, आणि तिचा तळ देवळाली दाखवलाय. लिहिणाऱ्यांपैकी एक जण स्वतः तरुणपणी देवळालीत तशाच मंडळीत होता. त्या मालिकेत हिंदी माणसं ज्या तऱ्हेने रंगवलीत ते आज बघवत नाही, आता ती फारशी दाखवतही नाहीत.

प्रश्न: इथे काही जण म्हणतात की 'टॅप' म्हणजे इंग्रजी टॅप, डोक्यावर टपली बसल्यासारखा. त्याला काही आधार?

शब्दमळा

@टेम्सकाठची, तो अर्थ नंतर चिकटवलेला आहे. हिंदुस्थानी भाषा कानाआड झाली की परका शब्द आपल्या भाषेतल्या जवळच्या आवाजावर नेऊन बसवला जातो. 'हॉब्सन-जॉब्सन' हे त्याचं नामांकित उदाहरण. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानांनी दोन इंग्रजी आडनावांसारखा ऐकला, आणि पुढे १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांनी आपल्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाला तेच नाव दिलं.

'टॅप' चं मूळ ताप हेच कोशकार मानतात. संस्कृत ताप म्हणजे उष्णता आणि दुःखही. फारसीतही जवळचा शब्द आहे, तोही ज्वरासाठीच. मराठीने तर दोन्ही अर्थ जपलेत: अंगात ताप असतो आणि डोक्यालाही ताप असतो. गोऱ्या शिपायाने जो अर्थ घेतला तो आपल्या 'डोक्याला ताप' च्या फार जवळ जातो.

गावाच्या नावाचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. आपण 'देवळाली' म्हणतो. इंग्रजाला 'ळ' येत नाही, त्याने डी-ई-ओ लिहून 'व' चा 'ओ' केला. कागदावर 'देओलाली' झालं. शिपाई कागद बघून बोलत नव्हता, ऐकून बोलत होता. पहिलं अक्षर घाईत 'दू' झालं, जोर दुसऱ्या अक्षरावर गेला, आणि डूलॅली तयार. म्हणजे हा अधिकाऱ्याचा शब्द नाही, रांगेतल्या शिपायाचा आहे. अधिकारी तर देवळालीत असा ताटकळत पडून नसायचाच.

अशा शिपाईगडी शब्दांची एक पेटीच त्यांनी घरी नेली. देगचीचं 'डिक्सी' झालं, फौजेचं स्वयंपाकाचं मोठं भांडं. बक्षीसचं 'बकशी', म्हणजे फुकट मिळालेलं, जादाचं. चौकीचं 'चोकी', अर्थ तुरुंग. देखोचं 'डेको'. रोटीचं 'रूटी', आणि लांब नोकरीबद्दल मिळणाऱ्या पदकाला ते 'रूटी गाँग' म्हणायचे, इतकी वर्षं सरकारची रोटी खाल्ली त्याचं पदक! आणि सगळ्यात हृदयाला भिडणारा 'ब्लायटी'. विलायतीचं बिलायती, बिलायतीचं ब्लायटी. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेने मायदेशाला हे नाव दिलं, आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत 'ब्लायटी' म्हणजे अशी जखम, जी जीव घेणार नाही पण घरी पाठवेल. आपल्याकडे विलायत म्हणजे दूरचा परका देश, त्यांनी तोच शब्द आपल्या घरासाठी उचलला. देवळालीच्या व्हरांड्यात बसलेला माणूस याच ब्लायटीची वाट बघत होता.

वैद्य_नगरचे

एक शंका. ताप हा शब्दशः तापही असू शकतो ना? हिवतापात, विशेषतः मेंदूला बाधा करणाऱ्या प्रकारात, रोगी बरळतो, ओळख विसरतो. विषमज्वरातही भ्रम होतो, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातल्या तरुण गोऱ्या शिपायांचा सगळ्यात मोठा शत्रू विषमज्वरच होता. त्यात मुदत संपलेल्या शिपायांत दारू आणि उपदंशाचं प्रमाण भरपूर. उपदंश जुना झाला की मेंदूवर जातो हे तेव्हाच्या डॉक्टरांना दिसत होतं. कंटाळा हे कारण मला पुरेसं वाटत नाही.

भगूरकर

@वैद्य_नगरचे, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तो रिचर्ड्सच्या सांगण्याला धरूनच आहे. दारू आणि रोग हे रिकामपणातूनच वाढायचे. पण हिवताप किंवा विषमज्वर देवळालीपुरता नव्हता. पेशावरच्या खोऱ्यात हिवताप कितीतरी जास्त. साध्या तापावरून नाव पडायचं तर ते पेशावरला पडलं असतं. देवळालीत वेगळं काय होतं? सुभेदारसाहेबांनी सांगितलं तेच: पलटण मागे राहिलेली, घर पुढे राहिलेलं, आणि हातात काम नाही.

@चिकूची_वाडी, सॅनेटोरियमचा मुद्दा माझ्या लेखात यायलाच हवा होता, इतका तो मोलाचा आहे. मनापासून आभार.

@शब्दमळा, अधिकारी आणि शिपाई हा फरक तुम्ही नेमका धरलात. त्यात एक भर घालतो. १८७० च्या कायद्याने इंग्रज शिपायाची भरती बारा वर्षांची झाली, पण त्यातली काही वर्षंच प्रत्यक्ष पलटणीत आणि उरलेली राखीव म्हणून घरी. त्याआधी माणूस अर्धं आयुष्य फौजेत काढायचा. नव्या पद्धतीमुळे दर वर्षी मुदत संपलेल्यांचे जथे हिंदुस्थानातून परत जायला लागले आणि तितकेच नवे यायला लागले. देवळालीची वर्दळ आणि ताटकळ वाढली ती या कायद्यानंतर. शब्द तयार व्हायला एकट्यादुकट्या वेड्या शिपायाची गोष्ट पुरत नाही. वर्षामागून वर्षं हजारो माणसांनी एकाच जागी तोच अनुभव घ्यावा लागतो आणि मग आपापल्या गावी जाऊन तो सांगावा लागतो. देवळालीत नेमकं तेच झालं. नवा आलेला शिपाईही इथेच, जाणाराही इथेच. नव्याने पहिल्याच आठवड्यात हा शब्द जुन्याकडून ऐकला असणार, आणि तो घेऊन तो पेशावरला नाहीतर रंगूनला गेला असणार.

पुस्तकवाडी

हे शेवटचं फार पटलं. येणारे-जाणारे एकाच तळावर भेटायचे, म्हणून शब्द सगळ्या हिंदुस्थानभर पसरला. इस्पितळातून तो असा पसरला नसता, कारण तिथून कुणी पलटणीत परत जात नव्हतं. माझं मत बदललं.

मराठी विकिपीडियावर देवळालीच्या पानात या शब्दाचा उल्लेख असावा असं वाटतं. भगूरकर, तुम्ही लिहिणार का? इस्पितळाची दंतकथा आहे हे तिथे स्पष्ट यायला हवं.

भगूरकर

लिहितो. जहाजांच्या हंगामापासून सुरुवात करतो, रिचर्ड्सची साक्ष घालतो आणि इस्पितळाच्या दंतकथेचा परिच्छेद वेगळा ठेवतो. चिकूताई, जुन्या बराकींपैकी रस्त्यावरून दिसतात त्यांचा एखादा फोटो तुमच्याकडे असेल तर द्याल का? लष्करी हद्दीच्या आतला नको.